ज्यूनो-१०६ ची दुरुस्ती: आधी सहा व्हॉइस मोजा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला

रोलँड कंपनीचा ज्यूनो-१०६ हा सिंथेसायझर (थोडक्यात सिंथ) बाजारात आला १९८४ साली. त्यामुळे आज हाती येणारा कुठलाही १०६ तसा वयस्करच, आणि बहुतेकांची दुखणी एकाच साच्यातली निघतात. एखादा सूर दबलेला, मधेच खरखर, नाहीतर पट्टीवरून बोट उचललं तरी न थांबणारी घरघर. इंटरनेटवर पाच मिनिटं शोधलं की उत्तर मिळतं, ‘व्हॉइस चिप गेल्या, सहाच्या सहा बदला.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण अशाच लक्षणांमागे संपलेला सेल, कळकटलेला स्लायडर किंवा चुकीचा व्होल्टेजही असू शकतो. अशा वेळी बोर्डावरच्या धडधाकट चिप उपटल्या, तर एका बिघाडाचे दोन होतात. म्हणून इथे सोल्डरिंगपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे.

आतली रचना, कामापुरती

१०६ एका वेळी सहा सूर वाजवतो, कारण आत एकसारख्या सहा व्हॉइस, म्हणजे एकेक सूर काढणाऱ्या शाखा, आहेत. प्रत्येक व्हॉइसच्या सुराची उंची डिजिटल घड्याळावरून ठरते. त्या ठोक्यांपासून सॉ, पल्स आणि एक सप्तक खालचा सब-ऑसिलेटर अशा लहरी तयार होतात. त्या आधी आवाज उजळ-मंद करणाऱ्या फिल्टरमधून जातात आणि मग व्हीसीएमधून, म्हणजे आवाज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या भागातून. त्यानंतर सहाही व्हॉइस एकत्र मिसळतात. खर्ज कमी करणारा हाय-पास फिल्टर, आवाज पसरट करणारा कोरस आणि आउटपुट हा पुढचा रस्ता सगळ्यांचा सामाईक आहे.

लहरी बनवणारी चिप आहे एमसी५५३४ए. अशा तीन असतात आणि एकेक चिप दोन व्हॉइस सांभाळते. फिल्टर आणि व्हीसीए मिळून एक मॉड्यूल होतं, ८००१७ए. अशी सहा असतात, व्हॉइसला एक. सगळं निदान या मांडणीवर उभं आहे. दोष एकाच व्हॉइसमध्ये असेल तर संशय ८००१७ए वर. जोडीने दोन व्हॉइस बिघडल्या असतील तर एमसी५५३४ए वर. सहाही बिघडल्या असतील तर चिपचा विचार सोडा आणि पॉवर सप्लाय, सेल, कोरस, आउटपुट बघा. क्वचित एमसी५५३४ए चा अर्धाच भाग जातो आणि जोडीतली एकच व्हॉइस मुकी होते, पण ते ओळखायची युक्ती पुढे येईल.

प्लग लावण्याआधी

आपल्याकडे येणारे बरेचसे जुने सिंथ जपानमधून येतात किंवा कुणीतरी अमेरिकेहून परतताना घेऊन येतं. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकन ११७ व्होल्टचं आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. मागच्या पट्टीवर छापलेला व्होल्टेज वाचा. पट्टी पुसट झाली असेल तर अंदाजाने लावू नका, जाणकाराला दाखवा.

व्होल्टेज उतरवणारा, म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना दोन गोष्टी पाहा. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका ‘कन्व्हर्टर’ इथे चालत नाही. त्यातून लहर तुटक येते. तारेचं वेटोळं असलेला, हाताला जड लागणारा, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा. दुसरं म्हणजे जपानी यंत्राला बाजारातला ११० व्होल्टवाला देऊ नका. घरातला सप्लाय रात्री २४५ पर्यंत चढला की ११० चे ११७ होतात आणि १०० व्होल्टच्या यंत्राचा रेग्युलेटर नाहक तापतो. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणारे कारागीर २३० ते १०० असा सांगून बनवून देतात. थोडे पैसे जास्त जातील, पण इथे काटकसर नको.

बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा सिरीज लॅम्पवर लावा. टीव्ही-रेडिओवाल्यांची ही जुनी पद्धत आहे. साठ वॉटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी नव्हे, सिरीजमध्ये ठेवायचा. स्टेप-डाउन असेल तर त्याच्याही आधी. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग बंद करा आणि पुढे जाऊ नका. सगळं ठीक निघालं की लॅम्प काढून टाका, कारण लॅम्प मध्ये असताना आतले व्होल्टेज कमी दिसतात.

न उघडता करायची तपासणी

यंत्र बंद करा. की ट्रान्सपोज बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. यंत्र टेस्ट मोडमध्ये जातं. आता एकेक पट्टी दाबली की डिस्प्लेवर ती कुठल्या क्रमांकाच्या व्हॉइसवर वाजतेय ते दिसतं. एका कागदावर सहा आडव्या ओळी काढा, १ ते ६. वर रकाने करा: सॉ, पल्स, सब, शिट्टी, शांतता. हा कागद पुढे यंत्राच्या आत ठेवायचा आहे, त्यामुळे नीट अक्षरात लिहा.

फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स शून्यावर, एन्व्हलप शून्यावर, व्हीसीए गेटवर, कोरस बंद, हाय-पास फिल्टर १ वर. हाय-पास ० वर ठेवला की खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो, म्हणून तो नको. आता फक्त सॉ चालू ठेवून शेजारच्या पट्ट्या एकामागून एक वाजवा आणि सहाही क्रमांक ऐका. मग फक्त पल्स, मग फक्त सब. प्रत्येक वेळी कागदावर खूण करा.

पुढची चाचणी सगळ्यात उपयोगी आहे. सगळ्या लहरी बंद करा, सब आणि नॉइज शून्यावर न्या. रेझोनन्स पूर्ण वर आणि फिल्टर मध्यावर ठेवा. आता ऑसिलेटर नाही, तरी पट्टी दाबली की फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवतो. ज्या व्हॉइसमध्ये सॉ-पल्स ऐकू येत नव्हते, पण शिट्टी खणखणीत आहे, तिचा फिल्टर आणि व्हीसीए शाबूत आहे. दोष आधीच्या टप्प्यात, म्हणजे एमसी५५३४ए च्या बाजूला. शिट्टीही नसेल किंवा चिरकी, तुटक येत असेल, तर ८००१७ए. एवढ्या एका चाचणीने महागडी चूक टळते.

शेवटचा रकाना शांततेचा. सॉ पुन्हा चालू करा, कुठलीही पट्टी दाबू नका, व्हॉल्यूम वाढवा. घरघर येत असेल तर एखाद्या व्हॉइसचा व्हीसीए गळतोय, बंद व्हायलाच तयार नाही. कुठली, ते शोधायचं असं: पट्ट्या एकेक वाजवून सोडत जा. जो क्रमांक वाजवल्यावर घरघरीची उंची बदलते, ती व्हॉइस. ऑसिलेटर शेवटच्या सुरावरच फिरत राहतो, म्हणून घरघर आपला सूर बदलून स्वतःच चहाडी करते.

ऐकताना काही भ्रम टाळायचे आहेत. एखादी ठराविक पट्टी कधीच वाजत नसेल तर तो व्हॉइसचा दोष नाही, पट्टीखालच्या रबरी संपर्काचा आहे. दर सहावा सूर गायब होत असेल तर मात्र व्हॉइसच. एकच व्हॉइस बेसुरी वाटली तर सूर लावायचा ट्रिमर (बोर्डावरचा छोटा फिरवायचा स्क्रू) शोधत बसू नका. इथली उंची घड्याळातून येते, ती जुन्या अॅनालॉग ऑसिलेटरसारखी सरकत नाही. ते बेसूरपण बहुधा फिल्टरचं असतं, म्हणून रेझोनन्स शून्यावर नेऊन पुन्हा ऐका. आणि कोरस चालू केल्यावर येणारा ‘स्स्स’ हा बिघाड नाही. १०६ चा कोरस नवा होता तेव्हाही असाच सुसकारायचा. ज्यांना तो नको, त्यांनी कोरस बंद ठेवावा, पण मग १०६ घेतला कशाला!

सेल आणि मेमरी

यंत्राच्या मेमरीत १२८ पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, असतात आणि ते टिकतात सीआर२०३२ या तीन व्होल्टच्या सेलवर. सेल संपला की पॅचमध्ये काहीबाही आकडे भरतात आणि यंत्र विचित्र वाजायला लागतं. ‘आवाजच गेला’ म्हणून आणलेल्या यंत्रात एवढंच झालेलं असू शकतं. मॅन्युअल बटण दाबा. स्लायडर जिथे आहेत तसा आवाज लागला आणि तो ठीक असेल, तर सेल बदलून काम भागेल.

सेल काढण्याआधी जुने पॅच वाचवा, विशेषतः यंत्र कुणा वादकाकडून आलेलं असेल तर. मागे टेपसाठी सेव्ह आणि लोडची जॅक आहेत. सेव्ह लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला जोडा आणि तो किरकिर आवाज वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा, एमपी३ नको. मग व्हेरिफाय करून घ्या. कारखान्यातले मूळ पॅचही अशाच फाइलमधून लोड होतात. लोड करताना मागचा मेमरी प्रोटेक्ट स्विच बंद ठेवायला विसरू नका.

मूळ सेल बोर्डाला सोल्डर केलेला असतो. तो काढून तिथे सेलचा होल्डर बसवा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची इस्त्री लागणार नाही. नव्या सेलला थेट सोल्डर लावू नका, तापल्यावर तो फुटू शकतो.

उघडल्यावर पहिली गोष्ट: सप्लाय

प्लग भिंतीतून काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. बाजूचे स्क्रू काढले की वरचं पॅनेल झाकणासारखं उघडतं. आतल्या रिबनच्या तारा ताणू नका. फोटो काढून ठेवा, कनेक्टर कुठून निघाला हे नंतर आठवत नाही.

पॉवर स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरचा पहिला भाग यांवर भिंतीतला थेट करंट असतो. चालू यंत्रात मोजायचं असेल तर एक हात खिशात ठेवा, पायात चपला हव्यात आणि घरात दुसरं कुणीतरी असू द्या. ज्यांना मल्टिमीटर हाताळायची सवय नाही, त्यांनी हा टप्पा टीव्ही मेकॅनिककडून करून घ्यावा. सप्लाय तपासणं त्याचं रोजचं काम आहे, त्याला सिंथ माहीत असण्याची गरज नाही.

काळी पिन ग्राउंडला लावून तीन व्होल्टेज मोजा: +१५, −१५ आणि +५. पंधराचे दोन्ही काही दशांशांच्या आत हवेत आणि पाचाचा पावभर व्होल्टच्या आत. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर लावून त्याच जागा पुन्हा मोजा. काही मिलिव्होल्ट आले तर चांगलं. पन्नास-शंभर येत असतील आणि सहाही व्हॉइसमागे ‘हम्म’ असेल, तर सप्लायमधले मोठे कंडेन्सर थकलेत. ते बदला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टची क्षमता तेवढी किंवा जास्त, आणि धन-ऋण बघून. सप्लाय शुद्ध असेल तर ‘जुनं आहे, सगळेच कंडेन्सर बदलून टाकू’ या मोहात पडू नका. जुन्या बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उष्णतेने पटकन सुटतो. न बिघडलेले पन्नास भाग काढताना दोन पट्टे उचलले गेले, तर फायदा कुणाचा?

फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. पुन्हा उडाला तर कारण शोधा. तार गुंडाळून काम चालवायची आपल्याकडची खोड इथे यंत्र जाळते.

८००१७ए: मुख्य कथा

हे मॉड्यूल म्हणजे एका छोट्या पाटीवर बसवलेले बारीक भाग आणि त्यावर चढवलेला इपॉक्सीचा जाड लेप. भाग टिकावेत म्हणून दिलेला लेपच वर्षांनुवर्षांनी थोडा विद्युतवाहक होतो आणि ज्या बिंदूंमध्ये काहीच वाहायला नको, तिथे सूक्ष्म करंट गळायला लागतो. व्हीसीए बंद होत नाही, फिल्टर भलतीकडेच उघडतो, मधूनच तडतड येते. सगळ्या मॉड्यूलवर लेप तोच आहे, त्यामुळे आज एक गेलं असेल तर बाकीची रांगेत आहेत असं समजा. तरी मी सुरुवात दोषी मॉड्यूलपासूनच करायला सांगेन. एक नीट जमलं की हात बसतो.

मॉड्यूल काढण्याआधी बोर्डावरचा क्रमांक कागदावरच्या व्हॉइस क्रमांकाशी जुळवा. यासाठी सर्व्हिस मॅन्युअल लागेल, त्याशिवाय इस्त्री गरम करू नका. मग बोर्ड उलटा करा. जुन्या टाक्यांवर आधी थोडं ताजं सोल्डर द्या. उलटं वाटेल, पण ताज्या फ्लक्समुळे जुनं सोल्डर लवकर वितळतं. पंपाने ओढा, उरलेलं सोल्डर विकने, म्हणजे ते शोषून घेणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीने, टिपा. एका पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. नाही निघालं तर पुढच्या पायावर जा, परत या. सगळे पाय मोकळे हलायला लागल्यावरच मॉड्यूल उचला. ओढावं लागत असेल तर एखादा पाय अजून अडकलेला आहे आणि त्याच्याबरोबर पट्टा येणार.

आता दोन वाटा. एक, तयार मिळणारं नवं पर्यायी मॉड्यूल परदेशातून मागवणं. खर्च जास्त, कटकट कमी. दुसरी, जुन्याचाच लेप काढणं. त्यासाठी झाकणाची काचेची बरणी आणि केमिकलच्या दुकानातलं शुद्ध अॅसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. प्लॅस्टिकचा डबाही नको, तो विरघळू शकतो. मॉड्यूल पूर्ण बुडवून झाकण लावा आणि बरणी गॅलरीत ठेवा, गॅसपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर. अॅसिटोनची वाफ भसकन पेट घेते.

एक-दोन दिवसांत लेप फुगतो, भेगाळतो आणि सालीसारखा सुटायला लागतो. लाकडी टूथपिकने हळूच उचला. स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड वापरलं तर खालचा तांदळाच्या कणीएवढा भाग लेपाबरोबर निघून येतो आणि मग मॉड्यूल कायमचं गेलं. लेप चिकटून बसला असेल तर ओरबाडू नका, पुन्हा बुडवा, आणखी एक दिवस जाऊ द्या. पायांच्या मुळाशी अडकलेले तुकडे सगळ्यात त्रासदायक असतात, आणि गळती नेमकी तिथेच राहते, म्हणून तिथे घाई नको. शेवटी ताज्या अॅसिटोनमध्ये मऊ ब्रश फिरवून धुवा आणि रात्रभर वाळू द्या.

परत बसवताना बोर्डावर एका ओळीचं सॉकेट सोल्डर करा आणि मॉड्यूल त्यात खोचा. यामुळे एक हुकमी चाचणी हाती येते. संशयित आणि धड मॉड्यूलची अदलाबदल करायची. दोष मॉड्यूलबरोबर दुसऱ्या क्रमांकावर गेला तर मॉड्यूलच खराब. दोष जागच्या जागी राहिला तर बोर्डावरचा भाग, पट्टा किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका. अदलाबदल अर्थातच यंत्र बंद करून आणि दिशा बघून.

अॅसिटोनने प्रत्येक मॉड्यूल जिवंत होतं असं नाही. आतली चिपच मेलेली असेल तर लेप काढून काही होत नाही, नवं घ्यावंच लागतं. एमसी५५३४ए वरही तसाच लेप असतो आणि उपायही तोच.

ट्रिमर

मॉड्यूल बदललं की त्या व्हॉइसचे ट्रिमर लावावे लागतात, नाहीतर सहातला एक सूर सतत उजळ किंवा मंद वाटत राहतो. क्रम आणि आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या. आधी यंत्र निदान अर्धा तास गरम होऊ द्या. ट्रिमर हलवण्याआधी त्याची मूळ जागा बारीक मार्करने खुणा. ऑसिलोस्कोप नसेल तरी शिट्टीची चाचणी वापरून कानाने बरंच जवळ जाता येतं. एक चांगली व्हॉइस आधार धरायची, बाकीच्यांची शिट्टी मोबाइलवरच्या ट्यूनरने तिच्या उंचीवर आणायची.

किरकोळ, पण रोज छळणारं

स्लायडर खरखरत असतील तर आधी पन्नासेकदा वरखाली करा, नुसत्या त्यानेही फरक पडतो. मग संपर्क साफ करणारा आणि थोडं वंगण सोडणारा स्प्रे अगदी थोडा मारा. दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे नको. तो कार्बनच्या पट्टीवर धूळ धरून ठेवतो. न वाजणाऱ्या पट्ट्यांसाठी कीबोर्ड उघडून रबरी पट्टी आणि बोर्डावरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने हलके पुसा. घासू नका, कार्बन निघून येईल.

कोरस लावल्यावर एक बाजू मुकी होत असेल किंवा फाटत असेल, तर आधी सप्लाय आणि कनेक्टर बघा. तिथल्या एमएन३००९ या चिपवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. तिचं उत्पादन केव्हाच थांबलंय आणि बाजारात नकली बऱ्याच आहेत.

सेल होल्डर, सॉकेट, विक, अल्कोहोल असं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळून जातं. ८००१७ए आणि एमसी५५३४ए तिथे शोधू नका.

बंद करण्याआधी

स्क्रू लावायची घाई नको. झाकण नुसतं टेकवून यंत्र तीन-चार तास चालू ठेवा आणि मधूनमधून टेस्ट मोडमध्ये सहाही व्हॉइस वाजवा. काही मॉड्यूल थंड असताना शहाण्यासारखी वागतात आणि तापल्यावर तडतडतात. तसं झालं तर कागदावर त्या क्रमांकापुढे ‘गरम’ असं लिहा आणि तेच मॉड्यूल पुन्हा बरणीत टाका. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हे काम करत असाल तर बोर्डावर ओल राहिल्यानेही तात्पुरती तडतड येते. कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवून मगच निकाल द्या. सगळं शांत असेल तर पॅच लोड करा, कुठलं मॉड्यूल कधी काढलं ते कागदावर तारखेसह लिहा, तो कागद आतल्या रिकाम्या जागेत चिकटवा आणि मग स्क्रू आवळा.